पर्यटक व्हिसावर अमेरिकेत इंटर्नशिप करता येईल का?

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला हॉटेल मॅनेजमेंटच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फ्लोरिडातील एका हॉटेलने तिला सहा महिन्यांची इंटर्नशिप देऊ केली असून दरमहा स्टायपेंड मिळणार आहे. न्यू जर्सीला तिच्या काकांकडे गेलो होतो, तेव्हा तिला दहा वर्षांचा बी-१/बी-२ व्हिसा मिळाला होता. याच व्हिसावर जावे आणि तिथे पोहोचल्यावर तो बदलून घ्यावा, असे एजंट सांगतो. एक मेडिकलचा विद्यार्थी असाच गेला होता, असे उदाहरणही तो देतो. त्याने तीन लाख रुपये मागितले असून पन्नास हजार आम्ही दिले आहेत. हॉटेलचे पत्र सोबत जोडले आहे. काय करावे?

उत्तर : आपण विचारल्याशिवाय पुढचे पाऊल टाकले नाही, हे फार चांगले केलेत. या व्हिसावर मुलीला पाठवू नका. बी-१/बी-२ व्हिसा पर्यटन, नातेवाइकांच्या भेटी, उपचार, परिषदा किंवा व्यावसायिक बोलणी अशा कारणांसाठी असतो. हॉटेलच्या ड्युटीवर शिफ्टनुसार काम करून त्याचे पैसे घेणे त्यात बसत नाही, मग त्या पैशांना पगार म्हणा की स्टायपेंड. मेडिकलच्या विद्यार्थ्याचे उदाहरण खरे असू शकते. कारण परदेशी वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्यांना अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आणि विनामोबदला, ठरावीक काळ अनुभव घेण्यासाठी बी-१ व्हिसाची सवलत आहे. ती सवलत हॉटेल व्यवसायाला लागू नाही.

‘तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ या सल्ल्याची मला अधिक काळजी वाटते. दर्जा बदलण्याचा अर्ज अमेरिकेत राहून करता येतो, हे खरे आहे. परंतु तो मंजूर होईपर्यंत तिला एक दिवसही काम करता येणार नाही, आणि प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत तिने काम सुरू केले, तर प्रवेशाच्या वेळी तिने खोटा हेतू सांगितला होता असे व्हिसा अधिकाऱ्यांना गृहीत धरता येते. तसा निष्कर्ष एकदा निघाला, की प्रवेशबंदी आयुष्यभराची असते आणि तीतून सूट मिळणे अवघड असते. विमानतळावरच अधिकाऱ्याने फोन तपासला आणि त्यात हॉटेलचे पत्र सापडले, तर तिथल्या तिथे व्हिसा रद्द करून तिला परत पाठवले जाऊ शकते व पाच वर्षे प्रवेश बंद होऊ शकतो. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीच्या नावावर अशी नोंद लागावी, एवढे मोल कोणत्याही इंटर्नशिपला नाही.

तिच्यासाठी योग्य व्हिसा जे-१ (शैक्षणिक देवाणघेवाण व प्रशिक्षणासाठीचा व्हिसा) आहे, आणि त्यातही ‘इंटर्न’ हा गट. अमेरिकेबाहेरच्या महाविद्यालयात शिकत असलेल्या, किंवा पदवी घेऊन १२ महिने न उलटलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या विषयातील प्रशिक्षणासाठी तो जास्तीत जास्त १२ महिन्यांपर्यंत मिळतो. यात स्पॉन्सर हॉटेल नसते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्था स्पॉन्सर असते आणि तीच डीएस-२०१९ हे प्रमाणपत्र देते. त्याशिवाय व्हिसाची मुलाखत होऊ शकत नाही. मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची यादी त्या खात्याच्या संकेतस्थळावर आहे. एजंट सांगेल ते नाव तिथे स्वतः पडताळून पाहा.

आता आपण जोडलेल्या पत्राविषयी. त्यात कामाच्या रकान्यात ‘हाउसकीपिंग, सहा महिने’ एवढेच लिहिले आहे. जे-१ साठी डीएस-७००२ हा प्रशिक्षणाचा आराखडा लागतो. त्यात मुलगी कोणत्या टप्प्यात काय शिकणार व तिच्यावर देखरेख कोण ठेवणार, हे लिहून मुलगी, हॉटेल आणि स्पॉन्सर या तिघांच्या सह्या घ्याव्या लागतात. हॉटेल क्षेत्रातील सहा महिने किंवा त्याहून अधिक काळाच्या कार्यक्रमात निदान तीन विभागांतून फिरते प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे, आणि कारकुनी काम २० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. अकुशल कामासाठी हा व्हिसा वापरताच येत नाही. त्यामुळे सहा महिने केवळ खोल्या आवरण्याचे हे पत्र आहे त्या स्वरूपात चालणार नाही. फ्रंट ऑफिस, फूड अँड बेव्हरेज आणि हाउसकीपिंग असा क्रम देण्याची हॉटेलची तयारी आहे का, हे मुलीने ईमेलवर विचारावे. नकार आला, तर त्यांना विद्यार्थी नको, स्वस्तातला कामगार हवा आहे, असे मी मानेन.

डीएस-२०१९ हाती आल्यावर २२० डॉलरचे सेव्हिस (परदेशी विद्यार्थी व प्रशिक्षणार्थींची नोंद ठेवणारी अमेरिकी यंत्रणा) शुल्क भरून डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज करावा आणि मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीची वेळ घ्यावी. जून २०२५ पासून जे-१ च्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवण्यास सांगितले जाते. परतल्यावर दोन वर्षे भारतात राहावेच लागते, अशी भीती अनेक पालकांना असते. पण ज्या कौशल्य-यादीमुळे (मायदेशाला गरज असलेल्या कौशल्यांची अमेरिकेने केलेली देशवार यादी) ही अट लागत असे, तीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारताचे नाव वगळले गेले आहे. सरकारी निधीतून जाणाऱ्यांना मात्र ती अजूनही लागू होते.

एजंटकडे लेखी मागणी करा. हे काम नोकरी आहे असे तो म्हणत असेल, तर परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटांना लागू असलेल्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नोंदणी क्रमांक त्याने द्यावा. प्रशिक्षण आहे असे म्हणत असेल, तर स्पॉन्सरचे नाव द्यावे. दोन्ही मिळत नसतील, तर उरलेले पैसे देऊ नका, दिलेले पन्नास हजार परत मागा आणि पावती व व्हॉट्सॲपवरील संभाषण जपून ठेवा. ग्राहक आयोगाकडे जावे लागले, तर तोच पुरावा उपयोगी पडेल.

पुढे जे-१ मिळाला, तर पासपोर्टमध्ये दोन व्हिसा असण्याची शक्यता आहे. विमानतळावर मुलीने जे-१ आणि डीएस-२०१९ हीच कागदपत्रे पुढे करावीत, आणि बाहेर पडताच आय-९४ ही अमेरिकेतील प्रवेशाची नोंद ऑनलाइन उघडून तिच्यावर जे-१ हाच दर्जा नोंदला आहे ना, हे कामावर हजर होण्यापूर्वी तपासावे.