सावजी खाल्ल्याने अल्सर होतो का? वडिलांना ड्युओडेनल अल्सर (लहान आतड्याच्या सुरुवातीला झालेली जखम) निघालाय, तो आम्हालाही लागेल का?

सावजीने अल्सर होत नाही. आधीच असलेल्या जखमेवर तर्री झोंबते, म्हणून आळ तिच्यावर येतो. बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो, नाहीतर दुखण्यावरच्या गोळ्या. पर्थच्या बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. 2005 चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं.

वडील गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतात का, हे आधी बघा. जठराच्या अस्तरावरचा चिकट थर आणि तिथला रक्तपुरवठा राखणारं प्रोस्टाग्लँडिन या गोळ्यांनी घटतं. परिणाम रक्तातून होतो, त्यामुळे जेवणानंतर घेतली किंवा इंजेक्शन घेतलं तरी धोका टळत नाही. हृदयासाठीची 75 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनही यातच येते. पण ती मनानेच बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

अल्सर लागत नाही, जंतू लागतो. तोही बहुधा लहानपणी, घरातल्याच कोणाकडून: थुंकी, उलटी, शौचानंतर नीट न धुतलेले हात. दूषित पाण्यातूनही येऊ शकतो. बाळाला घास चावून भरवू नका. जंतू असलेल्या बहुतेकांना अल्सर कधीच होत नाही, त्यामुळे सगळ्या घराने अँटिबायोटिक घेऊ नये. ज्याला पोटाचा त्रास आहे किंवा घरात जठराचा कॅन्सर होऊन गेलाय, त्याने तपासून घ्यावं.

तपासणी शौचाच्या अँटिजेनची (शौचातल्या जंतूच्या अंशाची) किंवा श्वासाची करा. त्याआधी 2 आठवडे पँटोप्रॅझोलसारखी अ‍ॅसिड कमी करणारी गोळी आणि 4 आठवडे अँटिबायोटिक बंद हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. गोळी थांबवायची का, हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचं. रक्तातली अँटिबॉडी जंतू गेल्यावरही बराच काळ राहते, तिच्यावरून बरं झाल्याचं कळत नाही.

जंतू मारायच्या औषधांचा कोर्स सहसा 14 दिवसांचा असतो आणि बिघडतं ते इथेच. पाचव्या दिवशी जळजळ थांबते, तोंड कडू होतं, गोळ्या सुटतात आणि उरलेला जंतू औषधाला दाद देईनासा होतो. कोर्स संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी पुन्हा तपासणी कराच. ती बहुतेक घरांत राहून जाते.

बिस्मथ (या कोर्समध्ये कधीकधी असणारं औषध) किंवा लोहाच्या गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट, उग्र वासाची झाली, चक्कर आली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर सकाळची वाट न पाहता नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलची, नाहीतर जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा.