नुकताच बाप्तिस्मा झालेल्या मुलाने माझी चूक दाखवली, तर मी ती ऐकून घ्यावी का?

ऐकून घ्या. तो काय बोलला ते आधी बघा, बोलणारा कोण हे नंतर.

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं. मुंबईतल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तुम्ही बरीच वर्षं शब्बाथशाळा म्हणजे बायबलचे वर्ग घेता, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीतही आहात. मागे एका रविवारी तुम्ही क्षमेवर बोललात. उपासना सुटल्यावर एक तरुण मुलगा चारचौघांसमोर तुम्हाला म्हणाला, "सर, चाळीच्या रिडेव्हलपमेंटमधल्या खोलीवरून तुम्ही सख्ख्या भावाशी बोलणं टाकलंय. मग आम्हाला क्षमा कशी शिकवता?" ते तुम्हाला लागलं. कालपरवा आलेल्या पोराला हा अधिकार कोणी दिला, असं तुम्ही विचारता. शिवाय वडीलधाऱ्याला टाकून बोलू नये, बापासारखं मानून समजवावं, असं प्रेषित पौलानेच आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलंय, हेही दाखवता.

लिहिलंय खरं, पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तर प्रभूनेच सांगितलंय की भावाचा अपराध आधी एकांतात त्याला दाखवावा. मुलाने ते पाळलं नाही. पाळकसाहेबांनी त्याला जवळ बसवून हे समजावलं पाहिजे. पण ही वचनं बोलणाऱ्याने कसं बोलावं यासाठी आहेत. बोलणाऱ्याची रीत चुकली म्हणून ऐकणारा मोकळा झाला, असं पवित्र शास्त्रात मला कुठेही आढळलं नाही.

आढळला तो यहूदाचा राजा योशीया. त्याची गोष्ट आपण शब्बाथशाळेत अर्धीच सांगतो, म्हणून इथे पुरी सांगतो. आठव्या वर्षी तो गादीवर बसला आणि यरुशलेमात त्याने ३१ वर्षं राज्य केलं. राज्याच्या १८व्या वर्षी मंदिराची डागडुजी चालू असताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. तो वाचून दाखवल्यावर राजाने अंगावरची वस्त्रं फाडली आणि परमेश्वर काय म्हणतो हे विचारायला माणसं पाठवली ती हुल्दा संदेष्ट्रीकडे. हुल्दा म्हणजे वस्त्रागार सांभाळणाऱ्या एका माणसाची बायको. यिर्मया संदेष्टा तेव्हा देवाचा संदेश देऊ लागला होता, तरी राजाला एका बाईचं ऐकण्यात कमीपणा वाटला नाही. तिने कठोर न्यायाचा निरोप दिला आणि राजाने तो डोक्यावर घेतला. देवापुढे तो नम्र झाला, रडला, असं शास्त्र सांगतं. इथपर्यंतची गोष्ट मुलांना तोंडपाठ असते.

पुढचं बायबलमधल्या दुसरे इतिहास या पुस्तकाच्या ३५व्या अध्यायात आहे. इ. स. पू. ६०९च्या सुमारास मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा नखो फरात (युफ्रेटिस) नदीकाठच्या कर्कमीशकडे लढाईला निघाला होता. योशीया त्याला अडवायला गेला. नखोने जासूद पाठवून कळवलं: माझं तुझ्याशी वैर नाही, देवाने मला त्वरा करायला सांगितलंय, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या आड येऊ नकोस, नाहीतर तो तुझा नाश करील. आता योशीयाच्या जागी उभे राहून बघा. ज्याने आयुष्यभर मूर्ती फोडल्या, त्याला एक मिसरी फारो देवाचं नाव घेऊन थांबायला सांगतोय! कोण ऐकेल? योशीयाने ऐकलं नाही. वेष पालटून तो मगिद्दोच्या खोऱ्यात लढायला उतरला, तिरंदाजांचे बाण लागले आणि त्यात तो गेला. त्याला चाळिशीही गाठता आली नाही. आणि शास्त्र तिथे स्वच्छ म्हणतं की नखोचे ते शब्द देवाच्या मुखातून आलेले होते. या एका वाक्यापाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. हुल्दाचं ऐकणारा योशीया आणि नखोचं न ऐकणारा योशीया एकच माणूस आहे. मधल्या काळात त्याची भक्ती आटली होती असंही कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे वर्षानुवर्षं देवाची सेवा केलेल्या, मनापासून भक्ती करणाऱ्या माणसाचाही इथे घात होऊ शकतो.

पेत्राचंही तुम्हाला ठाऊक आहे. अंत्युखियात विदेश्यांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून तो उठून वेगळा बसू लागला, तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. पेत्र प्रभूबरोबर चाललेला आणि पौल एकेकाळी मंडळीचा छळ करणारा. तरी पुढे पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख 'प्रिय बंधू' असाच येतो.

हे मी आपल्या मुंबईतही पाहिलंय. परळच्या एका चाळीत आमची घरसभा भरते. एका संध्याकाळी एका ज्येष्ठ पंचांनी मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठीची, प्रार्थना केली आणि त्या प्रार्थनेत एका गैरहजर कुटुंबाचं सगळं घरगुती दुखणं उघडं झालं, मुलाचं व्यसन, कर्ज, सगळं. आमेन झालं. ज्या घरी सभा भरली होती, तिथली सून चहाचे कप मांडत होती. ती हळूच म्हणाली, "काका, हे सगळ्यांना सांगा असं त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का?" सासूबाईंनी डोळे वटारले. काकांनी हातातलं बायबल मिटलं आणि म्हणाले, "नव्हतं सांगितलं. बरं झालं बोललीस." त्याच आठवड्यात ते त्या कुटुंबाकडे जाऊन क्षमा मागून आले. त्या काकांबद्दल मला तेव्हापासून जो आदर आहे, तो त्यांच्या इतक्या वर्षांच्या उपदेशांनी वाटला नव्हता.

आता, प्रत्येक बोल देवाचाच असतो असं मी म्हणत नाही. संकटात सापडलेल्या ईयोबाला समजवायला आलेले त्याचे मित्र किती धार्मिक बोलत होते, आणि शेवटी देवाने त्यांनाच सांगितलं की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. म्हणून पारखून घ्यायचं. जे म्हटलं ते खरं आहे का? शास्त्राला धरून आहे का? तुमच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर तुम्हीच दिलंय, बोलणं बंद आहे. दुसऱ्याचं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे: वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायचा. तेव्हा पारखण्यासारखं फारसं उरत नाही.

खोलीवरचा हक्क सोडा असं तो मुलगा म्हणाला नाही, मीही म्हणत नाही. कागदपत्रांचं काम सोसायटीत किंवा वकिलाकडे चालू राहू दे. मुलगा बोलला तो तुमच्या अबोल्याबद्दल.

येत्या रविवारी त्याला बाजूला घ्या आणि एवढंच म्हणा, "तू म्हणालास ते खरं होतं." 'पण' लावून पुढे काही जोडू नका. चारचौघांत बोलल्याचा विषय त्याच दिवशी काढू नका, तो पाळकसाहेबांवर सोडा. आणि रविवारची वाट न बघता आजच भावाला फोन लावा. पहिल्या फोनमध्ये खोलीचं नाव काढू नका. वहिनींची, मुलांची विचारपूस करा आणि कधी येऊ ते विचारा. त्याने फोन ठेवून दिला, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा लावा.