मिक्सर आता बाजूला ठेव

अगं, आठ महिने झाले ना बाळाला? मग गुरगुट्या भात मिक्सरमधून काढणं थांबव. आधी पळीने घोट, चार दिवसांनी नुसता बोटांनी कुस्कर. वाफवलेल्या लाल भोपळ्याची बोटाएवढी मऊ फोड हातात दे, सांडलं तर सांडू दे. तोंड फिरवलं तर जबरदस्ती नको, तीच चव परवा पुन्हा. काही मुलं दहादहा वेळांनंतर घेतात. उबळ येऊन खोकतंय तोवर ते स्वतःच सावरतं. आवाजच बंद झाला तर मात्र घास अडकलाय, लगेच पालथं धरून खांद्यांच्या मधोमध पाठीवर थापट्या मार. पापलेट बिनमिठाचं, काटा बोटांनी चाचपूनच. मध वर्षापर्यंत नाहीच. आणि अख्खे काजू, खोबऱ्याचे तुकडे मुळीच नकोत; घरात कुणीतरी प्रेमाने हातावर ठेवतंच, सगळ्यांना आधीच सांगून ठेव.