आज्ञा पाळायची म्हणजे नोकरी सोडायची का?

‘ताई, देवावर भरवसा आहे, पण आज्ञा पाळायची वेळ आली की पोटात गोळा येतो. माझा विश्वासच खोटा आहे का?’ आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली माणसं हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. कोणी बहीणभावाच्या वाटणीवरून विचारतं, कोणी लग्नावरून. सगळ्यांत जास्त विचारणारे मात्र नोकरीवरून विचारतात. म्हणून इथे नोकरीचीच एक हकिकत सांगते. ती सांगायला त्या गृहस्थांची संमती आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय सत्तेचाळीस. पुण्याजवळ लोखंडाचा व्यापार करणाऱ्या एका शेठकडे हे अकाउंट्स सांभाळतात. घर नगरकडचं, तीन पिढ्यांची ख्रिस्ती परंपरा. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. माझ्याकडे आले ते झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता कळलं की झोप उडते ती दर महिन्याच्या १५ तारखेनंतर आणि २० तारीख गेली की थोडी परत येते. २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं. शेठ दोन-तीन पार्ट्यांची नुसती बिलं आणतात. माल येत नाही, ट्रक येत नाही, फक्त कागद येतो. त्या बिलांची खरेदी टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची आणि त्यावरचं क्रेडिट घ्यायचं, म्हणजे खरेदीवर कर भरला असं दाखवून तो आपल्या करातून वजा करायचा. हे काम यांच्या हातून, यांच्या लॉगिनने होत होतं.

त्यांनी देवाला विचारणं सोडलं नव्हतं. उलट प्रार्थना वाढली होती. शुक्रवारी उपास सुरू होता. मागणं एकच: प्रभू, आधी दुसरी नोकरी दे, मग मी हे पाप थांबवतो. मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला सगळे पुढे जात तेव्हा हे बाकावर बसून राहत. गुडघा दुखतो असं बायकोला सांगितलं होतं.

‘उद्या देवानं उत्तर दिलं तर काय कराल?’ मी विचारलं.

‘राजीनामा.’

‘राजीनामा कोणी मागितलाय?’

ते गप्प झाले. त्यांच्या मनात दोनच वाटा होत्या: निमूटपणे एन्ट्री मारायची, नाही तर चावी टेबलावर ठेवून बाहेर पडायचं. दुसरी वाट परवडत नाही म्हणून पहिली चालू होती. मला वाटतं, देवानं काय केलं ते लोक उभे राहून सांगतात त्या आपल्या साक्षीच्या सभांचाही यात थोडा दोष आहे. तिथे माइक मिळतो तो नोकरी सोडली आणि पंधरा दिवसांत दुप्पट पगाराची मिळाली, अशांना. ज्याला वर्षभर मिळाली नाही, तो मागच्या रांगेत बसलेला असतो. बायबलमधले, राजाच्या मूर्तीला नमायला नकार देऊन अग्नीच्या भट्टीपुढे उभे असलेले ते तिघे तर राजाला सांगतात की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्यानं नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही. त्या ‘तरी’वर उपदेश फार कमी वेळा ऐकायला मिळतो.

मी पाळक नाही, त्यामुळे उपदेश करत नाही. पण समोरचा माणूस पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल रोज वाचणारा असेल तर त्याच्याच वाचनातून बोलणं सोपं जातं. मी लूकचा तिसरा अध्याय काढायला सांगितला. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे जकातदार बाप्तिस्मा घ्यायला येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? त्या काळी जकातीची नोकरी म्हणजे रोमी सत्तेची चाकरी, आणि वर लोकांना लुबाडायची मोकळीक. योहान त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. लबाडीला मात्र तिथेच चाप बसतो.

मग आम्ही दानीएलाचा पहिला अध्याय वाचला. दानीएल म्हणजे बाबेलच्या राजाच्या दरबारात नेलेला यहुदी तरुण. राजाच्या ताटातलं अन्न घ्यायचं नाही हे त्यानं मनात पक्कं केलं, पण ताट भिरकावलं नाही. अधिकाऱ्याला विनंती केली, दहा दिवस डाळभाजी देऊन बघा म्हणाला. आणि हा माणूस पुढे राजे बदलले तरी दरबारातच राहिला.

यांनी लगेच नामानाची गोष्ट पुढे केली. अरामाच्या राजाचा सेनापती. कोड बरं झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोन या त्यांच्या देवाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा असावी. अलीशा म्हणतो, शांतीने जा. ‘मग मलाही सूट आहे की!’ हे म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

सूट आहे, पण कशाला ते बघायला हवं. शेठ गोदामात कोणाशी काय रोखीचा व्यवहार करतात, ते यांच्या हातात नाही. त्या छपराखाली नोकरी करणं म्हणजे नामानाचं वाकणं, असं म्हणता येईल. पण न आलेला माल आला असं स्वतःच्या बोटांनी लिहिणं हे वाकणं नव्हे. ती खोटी साक्ष आहे. आम्ही कागदावर रेघ ओढून त्यांच्या रोजच्या कामांची विभागणी केली. रेघेपलीकडे एकच काम गेलं. इतके महिने ज्याच्या ओझ्याखाली ते दबले होते, ते एका ओळीत मावलं.

ती ओळ तोंडाने म्हणायची तालीम आम्ही केली. पहिल्यांदा एका वाक्यात त्यांनी तीनदा माफी मागितली. शेवटी जमलं ते असं: ‘शेठ, माल आल्याशिवाय खरेदीची एन्ट्री मी करणार नाही. बाकीचं काम आजवर केलं तसंच करीन.’ मी बजावलं की बायबलचं वचन ऐकवायचं नाही, शेठला सुधारायला जायचं नाही.

त्याआधी दोन गोष्टी उरकायच्या होत्या. एक म्हणजे मागच्या एन्ट्र्या. मालाशिवाय बिल देणं किंवा त्यावर क्रेडिट घेणं हा जीएसटी कायद्याच्या कलम १३२ खाली गुन्हा आहे. रक्कम ५ कोटींच्या वर गेली तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा माझा प्रांत नाही, म्हणून त्यांना ओळखीतल्या वकिलांकडे पाठवलं. चुकवलेला कर व्याजासह स्वतःहून भरायची सोय डीआरसी-०३ या फॉर्मने आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण भरायचा शेठनं. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदारानं येशूपुढे चौपट परत द्यायचं म्हटलं ते स्वतःच्या खिशातून. यांच्या खिशात त्यातलं काहीच आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट बायकोची, आणि माझ्या मते तीच जास्त कठीण होती. विश्वासाच्या भरात नवऱ्यानं निर्णय घ्यायचा आणि चूल बायकोनं सांभाळायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. रेव्हरंड टिळक खिशातलं देऊन मोकळे होत आणि घर कसं चालवायचं हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बघायचं. मी दोघांना एकत्र बोलावलं. ती चिडली, पण पैशांवरून नाही. ‘मला न सांगता उपास करत होतात? मला वाटलं साखर वाढलीय!’ मग तिनेच पेन हातात घेतलं. घराचा हप्ता १८,५०० रुपये, थोरलीची डिप्लोमाची फी, सासूबाईंचं इन्सुलिन. तिच्या बालवाडीच्या पगारात आणि शिवणकामात भिशीचे पैसे धरले तर पगाराशिवाय साडेतीन महिने निघत होते. भयाण वाटणाऱ्या गोष्टीला एक आकडा मिळाला. रात्री आकड्याशी झगडता येतं, नुसत्या भीतीशी नाही.

तरीही ते तारीख पुढे ढकलत होते. मनाला शांती वाटली की बोलेन, म्हणायचे. ही अट मला बऱ्याच जणांकडून ऐकू येते आणि मला ती पटत नाही. यहोशवाच्या तिसऱ्या अध्यायात इस्राएल लोकांना यार्देन नदी ओलांडायची आहे. कापणीचे दिवस आहेत, नदी दुथडी भरून वाहते आहे. देवाच्या कराराचा कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्यात पडतात तेव्हा पाणी थांबतं, काठावर उभे असताना नाही. मी एवढंच विचारलं की पाय ओले न करता पलीकडे जाणारा त्या अध्यायात कोणी दिसतो का. ते काही बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यात १७ तारखेला त्यांनी शेठला सांगितलं. शेठ ओरडले नाहीत. पंधरा दिवस बोललेच नाहीत. मग अकाउंट्स दुसऱ्या मुलाकडे गेले आणि यांना गोदामातल्या स्टॉकच्या रजिस्टरवर बसवलं. आलेला माल मोजायचा आणि लिहायचा. ‘आता जे येतं तेच लिहितो,’ ते म्हणाले.

भीती गेली का, असं मी विचारलं. नाही गेली. १५ तारखेनंतर अजून मध्यरात्री जाग येते, पण पुन्हा झोप लागते. लागली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, हे आमचं आधीच ठरलं आहे आणि त्यात विश्वास कमी असण्याचा काही संबंध नाही, हेही आता त्यांना मान्य आहे. प्रभुभोजनाला ते पुढे जातात. पगार तोच आहे, दिवाळीचा बोनस मात्र मिळाला नाही. दुसरीकडे अर्ज चालू आहेत. एका शाळेच्या ट्रस्टनं मुलाखतीला बोलावलं होतं, तिथून अजून काही कळवलेलं नाही.