घरपोच फुलांचा व्यवसाय: फुलपुडी की पुष्पगुच्छ?

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयात बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एमबीएची प्रवेशपरीक्षा देण्याऐवजी ताजी फुले थेट ग्राहकांच्या घरी पोहोचवण्याचा व्यवसाय करण्याचे तिच्या मनात आहे आणि ‘फुले विकायला पदवी कशाला?’ यावरून घरात वाद चालू आहे, असे आपण लिहिले आहे. तिचा आराखडा मी वाचला. तो कष्टपूर्वक केलेला आहे. मात्र वाढदिवसाचे पुष्पगुच्छ आणि रोजची पूजेची फुले हे दोन निराळे व्यवसाय तिने एकाच तक्त्यात बसवले आहेत, आणि माझी मुख्य हरकत तीच आहे.

पुष्पगुच्छ मागवणारा एक असतो आणि तो मिळणारा दुसरा. मागवणारा पुन्हा येईल तो बहुधा पुढच्या वाढदिवसाला, त्यामुळे जाहिरातीचा खर्च दर खेपेस नव्याने करावा लागतो. कापलेला गुलाब तोडणीपासून 2 ते 4 अंश तापमानात राहायला हवा, आणि माळव्यातल्या मे महिन्याच्या दुपारी स्कूटरवरच्या शेवटच्या अर्ध्या तासात आधीची सारी काळजी वाया जाऊ शकते. शिवाय या क्षेत्रात फर्न्स अँड पेटल्ससारखी कंपनी 1994 पासून आहे. जाहिरातीच्या जोरावर तिच्याशी स्पर्धा करणे घरच्या भांडवलात जमणार नाही.

फुलपुडीचे गणित निराळे आहे. पहाटे दाराच्या कडीला पुडी अडकवून महिन्याअखेर पैसे नेणारा फुलपुडीवाला आपल्या आधीच्या पिढ्यांच्या परिचयाचाच होता. घरे ठरलेली असली की उद्या किती फुले लागणार हे आदल्या रात्रीच कळते आणि तेवढीच खरेदी करता येते. थेट विक्रीचे खरे बळ हेच आहे. ‘दलाल वगळल्याने नफा वाढतो’ हे आराखड्यातले वाक्य अर्धेच खरे आहे, कारण निवड, वाहतूक आणि सडलेल्या मालाचा तोटा ही दलालाची कामे मग तिच्याच अंगावर येतील. बंगळूरची हूवू फ्रेश ही कंपनी 2019 साली दोन बहिणींनी सुरू केली आणि पूजेच्या फुलांवरच नावारूपाला आणली, हे घरातल्या वादात जरूर सांगावे.

उणी बाजू पोहोचवण्याच्या खर्चात आहे. समजा, पुडी 20 रुपयांची असून फुले आणि वेष्टन यांवर 10 रुपये जातात. सकाळच्या दोन तासांचे 300 रुपये घेणारा मुलगा एकाच वसाहतीत 75 घरे करीत असेल, तर घरटी 4 रुपये पडून 6 रुपये उरतात. तीच घरे राजेंद्रनगरपासून विजयनगरपर्यंत विखुरलेली असतील आणि त्याच्याकडून 25 च होत असतील, तर घरटी 12 रुपये पडून प्रत्येक पुडीमागे 2 रुपयांचा तोटा होतो. दसऱ्याला झेंडूचा भाव चढतो, महिन्याचा ठरलेला दर मात्र चढत नाही. एखाद्या घरी सुतक आले की तिथली पुडी दहा दिवस बंद. उलट इंदुरात एक सोय आहे: हिंदीभाषक शेजाऱ्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, त्यामुळे बेलाची मागणी दीड महिना टिकते.

वेष्टनाकडेही लक्ष द्यावे. माझ्या घरी काही महिने एका सेवेची पुडी प्लास्टिकच्या बंद पिशवीत येत असे. आत वाफ धरून शेवंती देठाशी काळी पडलेली आणि दूर्वा चिकट झालेल्या असत. आम्ही ती बंद केली, पण कारण कोणी विचारले नाही.

सध्या आषाढ चालू आहे. पदवी सोडू नये, आणि कॅट परीक्षा सहसा नोव्हेंबरच्या अखेरीस होत असल्याने तिचा अर्ज भरून ठेवावा. त्याने व्यवसायाची वाट बंद होत नाही. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत आपल्या टिळकनगरातच चाळीस घरे धरावीत, फुलमंडीत पहाटे तिने स्वतः जावे आणि रोज वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात: किती फुले टाकून द्यावी लागली, कोणत्या घराने पुडी का बंद केली आणि घरटी पोहोचवण्याला किती खर्च आला. दसऱ्यानंतर ती वही घेऊन आपण दोघेही भेटावे. तोवर आराखड्यातले पुष्पगुच्छांचे पान बाजूला ठेवावे, ही विनंती.