कपड्यांच्या दुकानातलं जुनं घड्याळ घ्यावं का?

प्रश्न : माझा मुलगा मुंबईत नोकरीला आहे. तिथल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात शर्टांच्या शेजारी काचेच्या पेटीत जुनी चावीची घड्याळं विकायला ठेवली आहेत. त्यातलं केशरी तबकडीचं एचएमटी पायलट त्याच्या मनात भरलंय. दुकानदार म्हणतो, 'ओरिजिनल व्हिंटेज'. घेऊ दे का?
– एक आई, वेंगुर्ले

उत्तर : ताई, घड्याळ जुनं असेलही, पण ती केशरी तबकडी कंपनीची असण्याची शक्यता फार कमी. पायलट म्हटलं की काळी तबकडी आणि पांढरे ठळक आकडे. डागाळलेली तबकडी खरवडून भडक रंगात पुन्हा छापायची, दोन-तीन घड्याळांचे भाग एकात बसवायचे, केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची पेटी, घासूनपुसून चकचकीत करायची, हा उद्योग आपल्याकडे जोरात चालतो. परदेशातले शौकीन अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात. मला त्या कारागिरांचं काम कमी वाटत नाही. पण रंगवलेलं ते रंगवलेलं, हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

कपड्यांच्या दुकानानं घड्याळं विकण्यात मला काही गैर वाटत नाही. न्यूयॉर्कच्या टॉड स्नायडर या ब्रँडनं कपड्यांबरोबर जुनी घड्याळं विकली आहेत. जे. क्रू या अमेरिकेतल्या कपड्यांच्या ब्रँडनं टायमेक्सकडून जुन्या लष्करी घड्याळांच्या धाटणीची नवी घड्याळं करून घेतली. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. तुमच्या दुकानदारालाही तो ठाऊक आहे का, ते विचारा. ज्या पोरांनी घड्याळजीच्या दुकानाची पायरी कधी चढली नसती, ती शर्ट घ्यायला जाऊन चावीच्या घड्याळापाशी थांबतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बेंगळुरूत घड्याळं करायला घेतली. २०१६ साली घड्याळाची कंपनी बंद करायचा निर्णय सरकारनं घेतला. आता सुटे भाग बहुतेक दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावे लागतात. म्हणून तबकडीपेक्षा मशीन महत्त्वाचं.

मुलाला सांगा, मागचं झाकण उघडून दाखवायला लाव. दुकानात उघडायला माणूस नसेल, तर घड्याळजीकडे नेऊन दाखवू द्या म्हणावं. चावी दिल्यावर बॅलन्सचं चाक, म्हणजे मशीनमधलं सतत मागेपुढे फिरणारं चाक, मोकळेपणानं डोलायला हवं. ते अडखळत असेल तर बहुधा तेल सुकलंय. मग चावीच्या दांडीजवळ भिंगातून नीट बघायचं. ओल बहुधा तिथूनच आत शिरते आणि तांबूस गंज दिसतो. आपल्या किनाऱ्यावरच्या घड्याळांत तो मी नेहमी बघतो. खारा वारा, वर चार महिने पाऊस. जुन्या केसमधलं रबर कडक झालं की ओलीला काही अडवत नाही. मुलगा सुट्टीत घरी येईल तेव्हा समुद्रावर जाताना घड्याळ घरी ठेवू दे, आणि पावसात तर हातात नकोच.

तबकडी मूळ की रंगवलेली, कोणते भाग बदलले, सर्व्हिसिंग कधी झालं, हे बिलावर लिहून घ्या. रंगवलेली असल्याचं दुकानदारानं लिहून दिलं, भावही तसाच लावला आणि मशीन साफ निघालं, तर खुशाल घेऊ दे. आवडलंय त्याला, रोज चावी देईल. पण 'ओरिजिनल' म्हणून भाव लावायचा आणि लिहून द्यायला नकार, असं असेल तर त्या दुकानातून शर्टच घ्यावा.