गुपित नेमकं कोणापासून?

अमेरिकेच्या बॉम्ब प्रकल्पात काम करणारा शास्त्रज्ञ आणि सोव्हिएत हेर क्लाउस फुक्स याने कागद पोचवले नसते तर सोव्हिएत संघाला अणुबॉम्ब जमलाच नसता, म्हणून अणूविषयी सगळंच कुलपात हवं, असा तुमच्या प्रश्नाचा सूर आहे. पहिल्या भागात तथ्य आहे, पण थोडंच. ऑगस्ट १९४९ मधला पहिला सोव्हिएत बॉम्ब अमेरिकी प्लुटोनियम बॉम्बची नक्कल होता, हे खरं. पण हेरांनी आणलेल्या माहितीवरून स्टालिनचा सुरक्षाप्रमुख आणि बॉम्ब प्रकल्पाचा कारभारी बेरिया आपल्याच शास्त्रज्ञांचं काम ताडून पाहायचा. आणि युरेनियमचं खनिज कोणी ब्रीफकेसमधून आणून देत नाही. फुक्समुळे वेळ वाचला, एवढंच म्हणता येईल.

मला त्याहून बोलका वाटतो तो फ्लेरोव्हचा किस्सा. १९४२ मध्ये हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ सोव्हिएत हवाई दलात होता. ग्रंथालयात परदेशी नियतकालिकं चाळताना त्याच्या लक्षात आलं की अणुविखंडनावर, म्हणजे बॉम्बमागच्या अणू फोडण्याच्या प्रक्रियेवर, कोणी काही लिहीतच नाही. मोठमोठी नावं एकदम गायब. तिकडे गुपचूप बॉम्बचं काम चाललंय, हे तो समजला आणि त्याने थेट स्टालिनला पत्र लिहिलं. शांततेनेच चहाडी केली!

पुढे हिरोशिमानंतर सहाच दिवसांत अमेरिकेने स्वतः बॉम्ब कसा बनवला याचा अधिकृत वृत्तांत, स्माइथ अहवाल, प्रसिद्ध केला. काय बोलायचं आणि काय नाही, याची रेघ त्यात होती. १९४६ च्या कायद्याने ती पक्की केली: अण्वस्त्रांविषयीची माहिती जन्मतःच गुप्त, खुली करायची तर मुद्दाम ठरवून.

खरी गोम इथे आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये रशियातल्या उरल भागातल्या मायाक या बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवणाऱ्या प्रकल्पात किरणोत्सारी कचऱ्याच्या भूमिगत टाकीची शीतन यंत्रणा बंद पडली आणि टाकी फुटली. पुढच्या काळात हजारो लोकांना गावं सोडावी लागली. मॉस्को गप्प राहिलं, ते अपेक्षितच. पण सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेलाही सुगावा लागला होता, आणि तीही गप्प! अमेरिकेतल्या अणुउद्योगाबद्दल लोक प्रश्न विचारतील, ही धास्ती असावी, असा तर्क केला जातो. १९७६ मध्ये निर्वासित सोव्हिएत जीवशास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेव यांनी या अपघाताचा उल्लेख केला, तेव्हा ब्रिटिश अणुऊर्जा प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी तो चक्क उडवून लावला. पुढे माहिती अधिकाराखाली सीआयएचे कागद बाहेर आले. सोव्हिएत सरकारची कबुली आली ती १९८९ साली.

म्हणजे जे दोन्ही शत्रूंना ठाऊक होतं, ते नेमकं कोणापासून लपवलं जात होतं? जुन्या फायली वाचताना मी आधी हेच शोधतो. त्यावर लावलेला ‘गुप्त’चा शिक्का नंतर बघतो.

तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: बॉम्बच्या रचनेची मापं आणि साठ्यांचा पहारा झाकून ठेवा, माझी हरकत नाही. कचऱ्याच्या टाकीचं तापमान मात्र शेजारच्या गावाला कळलंच पाहिजे.